रोमच्या गल्लीबोळांतील बालहेर

१९४५ सालच्या उन्हाळ्यात, युरोपातील महायुद्ध नुकतेच संपले असताना, रोमजवळच्या ओस्तिया गावी दोन मुले संत ऑरेआच्या चर्चशेजारील अंगणात खेळासाठी खांब रोवायचा म्हणून खड्डा खणीत होती. खणता खणता त्यांच्या हाती एक संगमरवराचा तुकडा लागला. त्यावर लॅटिन अक्षरे कोरलेली होती. जाणकारांनी ती वाचली आणि त्यांच्या आश्चर्याला पारावार उरला नाही. संत मोनिकेच्या थडग्यावरील लेखाचाच तो एक भाग होता! हा लेख जुन्या हस्तलिखितांतून नकलून ठेवलेला असल्यामुळे विद्वानांना ठाऊक होता. प्रत्यक्ष दगड मात्र शेकडो वर्षे मातीखाली हरवला होता. आफ्रिकेला परतण्यासाठी जहाजाची वाट पाहत असताना इ. स. ३८७ मध्ये मोनिकेने याच बंदरात, पुत्र ऑगस्टीनच्या सान्निध्यात, देह ठेवला ही कथा आपल्या धर्मग्रामांतील मातांना नव्याने सांगायला नको. पण तिच्या थडग्याचा पुरावा एखाद्या प्राध्यापकाला न सापडता खेळणाऱ्या दोन पोरांना सापडला, ही गोष्ट आम्हांला फार दिवस मनात घोळवावीशी वाटली आहे.

याचे कारण असे की, गेल्या पाऊणशे वर्षांत पाश्चात्त्य बालसाहित्यात एक लहानशी पण जोमदार शाखा फुटली आहे आणि तिचा सारा डोलारा याच कल्पनेवर उभा आहे. प्राचीन रोममधील मुले, त्यांच्यासमोर पडलेले एखादे कोडे आणि मोठ्यांच्या नजरेतून निसटलेला, पण मुलांच्या नजरेने टिपलेला पुरावा. अशा कादंबऱ्यांपैकी सर्वांत गाजलेली माला ओस्तियातच सुरू होते. आम्ही ही पुस्तके इंग्रजीतून वाचली, ती आमच्या घरातील एका अकरा वर्षांच्या मुलीमुळे. सुटीत तिने पहिले पुस्तक दोन दिवसांत संपवले आणि जेवणाच्या ताटावर आम्हांला विचारले, “यातला जोनाथन शब्बाथ पाळतो, त्याचे वडील ज्यू आहेत आणि तरी तो म्हणतो, आम्ही ख्रिस्ती. हे कसे?” उत्तर देण्यापूर्वी पुस्तक वाचणे भाग पडले. एक वाचल्यावर दुसरे हाती घेतले, आणि हा लेख त्यातून उद्भवला.

रोमवरील कथा कॅथलिक घरांना नव्या नाहीत. कार्डिनल वाइजमन यांची ‘फॅबिओला’ १८५४ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे अनेक पिढ्या ती मिशनशाळांतून आणि धर्मगुरूंच्या कपाटांतून वाचली गेली. भुयारी दफनभूमी, लपूनछपून होणारी मिस्सा, फितूर, छळ आणि रक्तसाक्ष्य हे सारे त्या कादंबरीत आहे. वेदीसेवकांचा आश्रयदाता म्हणून आपण ज्या बालक तार्सिसियसचा सण करतो, त्याची आजची मूर्ती बरीचशी या कादंबरीनेच घडवली आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. तार्सिसियसविषयी सर्वांत जुना आधार म्हणजे चौथ्या शतकातील पोप दमासस यांनी रचलेल्या काही काव्यपंक्ती. पवित्र ख्रिस्तप्रसाद नेत असताना जमावाने त्याला गाठले आणि तो प्रसाद त्यांच्या हाती देण्यापेक्षा त्याने प्राण देणे पत्करले, एवढेच त्या सांगतात. तेथे त्याची तुलना संत स्तेफनशी केली आहे. वयाचा उल्लेख नाही. स्तेफन हा डीकन असल्यामुळे तार्सिसियसही कदाचित प्रौढ डीकन असावा, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. वाइजमन यांनी त्याला कोवळा बालक म्हणून रंगवले आणि तोच बालक जगभरच्या चर्चमधील रंगीत काचांवर जाऊन बसला. त्याच्या बलिदानाचे मोल यामुळे कमी होत नाही. परंतु कादंबरीचा हात इतिहासाच्या पाटीवर किती खोल उमटतो हे यावरून दिसते आणि म्हणूनच मुलांच्या हाती पडणाऱ्या रोमन कथांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

‘फॅबिओला’त रहस्य आहे, पण शोध नाही. शोध आणला तो हेन्री विंटरफेल्ड या जर्मन लेखकाने. १९०१ मध्ये हॅम्बुर्गला जन्मलेला हा लेखक हिटलरच्या काळात देशोधडीला लागून १९४० साली अमेरिकेत पोहोचला. त्याची ‘कायस मूर्ख आहे’ अशा अर्थाच्या जर्मन नावाची कादंबरी १९५३ साली निघाली आणि १९५६ मध्ये ती ‘डिटेक्टिव्ह्ज इन टोगाज’ या नावाने इंग्रजीत आली. कथा मोठी चतुर आहे. सधन घरांतील सात मुले झँटिपस नावाच्या करड्या गुरुजींकडे शिकतात. वर्गात रूफस आपल्या मेणपाटीवर ‘कायस मूर्ख आहे’ असे लिहितो, दोघांची जुंपते, गुरुजी शिक्षा करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो गुरुजींना कोणी बांधून कपाटात कोंडलेले आणि गावातील मिनर्व्हेच्या देवळाच्या भिंतीवर तेच शब्द लाल रंगात लिहिलेले! ते देऊळ सम्राटाला अर्पण केलेले असल्यामुळे पोरकट थट्टेचा राजद्रोह होतो आणि रूफस तुरुंगात जातो. अक्षर तर हुबेहूब त्याचेच. आता त्याच्या मित्रांनी काय करावे? याचे उत्तर आम्ही येथे देणार नाही. रहस्यकथेचा शेवट फोडणे हे वाचकाच्या खिशातील पैसे काढण्यासारखेच आहे.

पोंपेईच्या उत्खननात भिंतीवर कोणा कायसला गाढव म्हटलेले आढळले आणि त्यावरून हे पुस्तक सुचले, अशी त्याच्या जन्माची हकीकत सांगतात. ती पटण्याजोगी आहे. पोंपेईच्या भिंतींवर खरडलेले आणि रंगवलेले दहा हजारांहून अधिक लहानमोठे लेख मिळाले आहेत. निवडणुकीतील उमेदवारांची नावे, खानावळीचा हिशेब, प्रेमपत्रे, शिव्या, मुलांनी गिरवलेली मुळाक्षरे असे सर्व काही त्यांत आहे. राजेरजवाड्यांच्या शिलालेखांत न सापडणारा रोमन माणूस या भिंतींवर सापडतो. विंटरफेल्डने त्याला पकडले आणि मुलांच्या हाती दिले, ही त्याची कामगिरी.

पण त्याच्या पुस्तकांत एक उणीव आहे आणि ती आज वाचताना खुपते. १९६९ साली आलेल्या दुसऱ्या भागात ही मुले गुरुजींना वाढदिवसाची भेट म्हणून चक्क एक गुलाम विकत घेऊन देतात. त्या गुलामाच्या निमित्ताने एका सिनेटरच्या खुनाचा कट उघडकीस येतो आणि कथा भरधाव धावू लागते. माणूस विकत घेतला गेला आहे, याचे कोणालाच काही वाटत नाही. फुलदाणी आणावी तसा तो आणला जातो. रोमन मुलांना तसेच वाटत असणार, हे खरे. प्रश्न वाचणाऱ्या मुलाचा आहे. त्यालाही तसेच वाटून चालेल काय?

याच काळात इंग्लंडमध्ये रोझमरी सटक्लिफ लिहीत होत्या. लहानपणी जडलेल्या सांध्यांच्या विकाराने त्यांना आयुष्याचा मोठा भाग चाकांच्या खुर्चीत काढावा लागला. १९५४ मधील त्यांच्या ‘द ईगल ऑफ द नाइन्थ’ या कादंबरीचा नायकही जखमेने लंगडा झालेला एक तरुण सैनिक आहे. ब्रिटनच्या उत्तरेस धुक्यात नाहीशी झालेली नववी पलटण आणि तिचा गरुडध्वज यांचा माग काढायला तो निघतो. १८६६ साली सिल्चेस्टर येथे सापडलेला, आज रेडिंगच्या संग्रहालयात असलेला काशाचा गरुड हे त्या कथेचे बीज. पुढे विद्वानांनी सांगितले की, हा गरुड सैन्याचा नसून बहुधा एखाद्या पुतळ्याचा भाग असावा; आणि नवव्या पलटणीचे शिक्के असलेल्या विटा-कौले नेदरलँड्समधील नाइमेखन येथे मिळाल्यामुळे ती ब्रिटनमध्येच नष्ट झाली हे गृहीतही डळमळले. तरी कादंबरी उभी आहे. मात्र ती किशोरांची आहे, लहान मुलांची नव्हे. म्हणून तिच्यापाशी अधिक थांबत नाही.

आता ओस्तियाकडे वळू. कॅरोलाइन लॉरेन्स यांचा जन्म १९५४ सालचा, लंडनमधला. बालपण कॅलिफोर्नियात गेले. बर्कली आणि केंब्रिज येथे त्यांनी ग्रीक-रोमन विद्यांचा अभ्यास केला आणि त्यानंतर लंडनमध्ये हिब्रू व ज्यू अभ्यासाची पदवी घेतली. पुढे लंडनच्या प्राथमिक शाळेत त्या लॅटिन शिकवीत. रोमन विद्या, हिब्रू विद्या आणि वर्गात बसलेली चुळबुळी मुले या तिन्ही गोष्टी एका लेखणीत क्वचितच एकत्र येतात. २००१ साली ‘द थीव्ज ऑफ ऑस्टिया’ निघाले आणि २००९ पर्यंत ‘द रोमन मिस्टरीज’ या मालेच्या सतरा कादंबऱ्या पूर्ण झाल्या. २००७-०८ मध्ये बीबीसीने त्यावर दूरदर्शन मालिकाही काढली.

कथेचा काळ इ. स. ७९ च्या जूनपासून ८१ पर्यंतचा, म्हणजे सम्राट टायटसची जेमतेम सव्वादोन वर्षांची कारकीर्द. चार मुले आहेत. फ्लाव्हिया ही जहाजाच्या कप्तानाची मुलगी. वडिलांची हरवलेली मुद्रिका शोधण्यापासून तिच्या हेरगिरीचा श्रीगणेशा होतो. शेजारचा जोनाथन हा ज्यू वैद्य मोर्दखय याचा मुलगा. नूबिया ही आफ्रिकेतून पकडून आणलेली मुलगी. तिला फ्लाव्हिया गुलामांच्या बाजारातून विकत घेते. लूपस हा भीक मागणारा मुलगा. त्याची जीभ कापलेली आहे, म्हणून तो मेणपाटीवर लिहून बोलतो. पहिले रहस्य गल्लीतील राखणीच्या कुत्र्यांच्या हत्येचे. दुसऱ्याच पुस्तकात व्हेसुव्हियस फुटतो.

या चौघांची निवड बारकाईने पाहण्यासारखी आहे. विंटरफेल्डची मुले रोमच्या माडीवर राहत होती. लॉरेन्सबाईंनी माडीवरच्या एका मुलीला खाली आणून, ज्यांच्याविषयी रोमन इतिहासकार सहसा लिहीत नाहीत अशा तिघांच्या संगतीत उभे केले. त्यामुळे एकच शहर मुलांना चार बाजूंनी दिसते. फ्लाव्हियाला टायटस हा दयाळू राजा वाटतो, आणि रोमन लेखकांचे मतही तसेच आहे. सुएतोनियसने तर त्याला मानवजातीचा लाडका म्हटले आहे. व्हेसुव्हियसच्या आपत्तीत त्याने पीडितांसाठी स्वतः धाव घेतली. जोनाथनच्या घरी मात्र टायटस या नावाचा अर्थ निराळा आहे. इ. स. ७० मध्ये येरुशलेमला वेढा घालून ज्याच्या सैन्याने मंदिर जाळले, तो हा. मंदिर वाचवण्याची टायटसची इच्छा होती, असे ज्यू इतिहासकार योसेफस लिहितो. पण योसेफस त्या वेळी टायटसच्याच आश्रयाला होता. आणि पुढच्या काळातील सुल्पिसियस सेव्हेरस या ख्रिस्ती लेखकाने नेमके उलट, म्हणजे ते जाळण्याचा निर्णय टायटसचाच होता, असे नोंदवले आहे. दोन साक्षीदार, दोन जबान्या. रहस्यकथेत हेच तर असते.

आता आमच्या घरातील प्रश्नाकडे येतो. जोनाथन ज्यू की ख्रिस्ती? इ. स. ७९ मध्ये हा प्रश्न आजच्या स्वरूपात कोणी विचारलाच नसता. येशूच्या अनुयायांना ख्रिस्ती हे नाव प्रथम अंत्युखियात मिळाले, असे प्रेषितांची कृत्ये सांगतात. पण त्याच ग्रंथात त्यांचा उल्लेख ‘मार्ग’ अनुसरणारे असाही येतो. प्रेषित मंदिरात प्रार्थनेला जात, संत पौल प्रत्येक गावी प्रथम सभास्थानात जाई. क्लॉडियस सम्राटाने ज्यूंना रोममधून हाकलले तेव्हा अक्विला आणि प्रिस्किल्ला यांनाही घर सोडावे लागले. ओस्तियात तर १९६१ साली विमानतळाकडे जाणारा रस्ता बांधताना एक प्राचीन सभास्थान सापडले आणि त्याचा आरंभ पहिल्या शतकापर्यंत जातो असे अनेक संशोधक मानतात. अशा गावात शब्बाथ पाळून येशूवर श्रद्धा ठेवणारे कुटुंब असणे अगदी स्वाभाविक होते. आम्ही मुलीला एवढेच सांगितले की, तेव्हा ही दोन घरे अजून एकाच अंगणात होती. मध्ये भिंत उभी राहिली ती नंतर, आणि ती उभारताना पुढच्या शतकांत आपल्या बाजूनेही फार कठोर दगड वापरले गेले. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ज्यूंविषयीचा जो दस्तऐवज काढला, तो त्या दगडांची कबुलीच होय. वाइजमनच्या काळातील बालवाचकाला जोनाथनसारखा मित्र भेटला नसता.

मालेतील आठव्या पुस्तकात, ‘द ग्लॅडिएटर्स फ्रॉम कापुआ’मध्ये, इ. स. ८० साली झालेल्या कोलोसियमच्या उद्घाटनाचे खेळ आहेत. हे खेळ शंभर दिवस चालले आणि त्यांत नऊ हजार जनावरे मारली गेली, असे कॅसियस डिओने लिहून ठेवले आहे. आपल्याला कोलोसियम म्हटले की रक्तसाक्षी आठवतात. उत्तम शुक्रवारी पोप तेथे क्रुसाची वाट करतात ती दूरचित्रवाणीवर आपण पाहतो. १७५० च्या सुमारास पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी ती वास्तू ख्रिस्ताच्या दुःखसहनाला अर्पण केली होती. या परंपरेविषयी आम्हांला आदर आहे. पण त्या दगडांत आणखी एक वेदना आहे आणि ती उघड होण्याची हकीकत कोणत्याही रहस्यकथेहून कमी नाही. कोलोसियममध्ये पाचव्या शतकातील लेख असलेली एक मोठी शिला आहे. तिच्या पृष्ठभागावर लेखाशी न जुळणारी बारीक भोके आहेत. पूर्वी तेथे काशाची अक्षरे ठोकून बसवली होती, ती काढल्यावर खिळ्यांची भोके तेवढी राहिली. गेझा अल्फोल्दी या विद्वानाने त्या भोकांची मापे जुळवून १९९५ साली हरवलेला मूळ लेख वाचून दाखवला. त्याचा आशय असा की, हे नवे रंगमंडल सम्राटाने युद्धातील लुटीच्या पैशातून बांधवले. ते युद्ध म्हणजे ज्यू युद्ध, याविषयी फारशी शंका घेतली जात नाही. रोमच्या फोरमजवळील टायटसच्या कमानीवर मंदिरातील सात शाखांची समई वाहून नेणारे सैनिक आजही दिसतात. जेथे आपण आपले हुतात्मे स्मरतो, ती इमारत येरुशलेमच्या लुटीवर उभी राहिली आहे. त्या गर्दीत जोनाथनला ठेवून लेखिकेने मुलांना हे न सांगता कळू दिले.

गुलामगिरीचा प्रश्न याहून अवघड. फ्लाव्हिया नूबियाला विकत घेते ती दयेपोटी, पण घेते मालकीण म्हणूनच. पुढे मैत्री होते, मालेच्या ओघात नूबियाला स्वातंत्र्यही मिळते. आमचा एक आक्षेप येथे नोंदवतो. बहुसंख्य रोमन गुलामांना अशी फ्लाव्हिया भेटली नाही आणि कथेच्या गोडव्यात ते विसरायला होते. २०२१ साली पोंपेईनजीकच्या चिव्हिता जुलियाना येथील एका वाड्यात गुलामांची खोली सापडली. सुमारे सोळा चौरस मीटरच्या त्या जागेत तीन बाजा, काही मडकी, घोड्याच्या साजाचे सामान. दोन बाजा सव्वापाच-साडेपाच फुटांच्या, तिसरी जेमतेम साडेचार फुटांची. ती बहुधा मुलाची. या बाजेपुढे आम्ही त्या सतरा पुस्तकांतील कोणत्याही प्रकरणापेक्षा अधिक वेळ खिळून राहिलो.

येथे आपल्यालाही हात झटकता येणार नाहीत. संत पौलाने पळून आलेल्या अनेसिमला परत पाठवताना, त्याला दास न मानता प्रिय बंधू मानावे, अशी विनंती फिलेमोनला केली. ते पत्र आपण मिस्सेत ऐकतो. तरीही चौथ्या-पाचव्या शतकांतील गुलामांच्या गळ्यात घालायची जी धातूची कडी मिळाली आहेत, त्यांवर ‘मी पळालो तर मला धरा’ अशा अर्थाचा मजकूर आहे, आणि त्यांपैकी काहींवर ख्रिस्ताच्या नावाचे चिन्हही कोरलेले आहे.

या पुस्तकांतील हेरगिरी मुलांच्या खेळासारखी आहे. रोमची खरी चौकशी तशी नव्हती. तेथे पोलीस नव्हते, सरकारी वकील नव्हते. ‘यात फायदा कोणाचा?’ हा तपासाचा प्रसिद्ध प्रश्न सिसेरोने कोर्टात गाजवला हे खरे. पण गुलामाची साक्ष कायद्याने ग्राह्य धरली जाई ती त्याचा छळ करून घेतली तरच. या मालेत एक अभ्यासू, सभ्य तरुण भेटतो, तो म्हणजे धाकटा प्लिनी. व्हेसुव्हियस फुटला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि त्याचा मामा थोरला प्लिनी, आरमाराचा प्रमुख व निसर्गकोशाचा कर्ता, त्या आपत्तीत स्तेबिये येथे मरण पावला. त्या दिवसांचे जे वर्णन जगाला ठाऊक आहे ते या भाच्याच्याच पत्रांतले. पुस्तकात तो मुलांना आवडतो, आम्हांलाही आवडला. मग आम्ही त्याचे दुसरे पत्र काढून वाचले. तीसेक वर्षांनंतर, इ. स. ११२ च्या सुमारास, तो बिथिनिया प्रांताचा राज्यपाल असताना त्याच्यापुढे ख्रिस्ती लोकांना आणण्यात आले. हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात आणि चोरी, व्यभिचार न करण्याची शपथ घेतात, एवढेच त्याला समजले. खरे काय ते शोधावे म्हणून त्याने दोन दासींचा छळ करवला. त्या मंडळीत सेविका म्हणून ओळखल्या जात. त्यांच्याकडून त्याला भलतीसलती अंधश्रद्धा सोडून काही मिळाले नाही, असे त्याने सम्राट ट्राजनला कळवले. त्यांची नावे त्याने लिहिली नाहीत.

हे पत्र अकरा वर्षांच्या मुलीला दाखवावे की नाही, यावर आमच्या घरात दोन दिवस वाद झाला. अखेर दाखवले. ती गप्प बसली आणि मग म्हणाली, “पण पुस्तकात तर तो चांगला होता.” चांगलाच होता, आम्ही म्हणालो, त्याच्या पत्रांत आजारी नोकरांविषयीची कळकळही आहे. त्याच माणसाने हेही केले. यापुढचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

थोरल्या प्लिनीचा विषय निघालाच आहे तर एक आपल्या मातीतील गोष्ट. भारताच्या व्यापारापायी रोमचे दरसाल पाच कोटी सेस्टर्स जातात, अशी तक्रार त्याने आपल्या कोशात केली आहे. त्या व्यापाराची बंदरे सांगणाऱ्या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणबरोबर वसईलगतच्या सोपाऱ्याचेही नाव आहे. पोंपेईत १९३८ साली एक वीतभर उंचीची हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती निघाली आणि तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात मिळाली. सोपाऱ्याहून निघालेल्या जहाजावर चढलेले एखादे पोर आजवर कोणा मराठी लेखकाने ओस्तियाच्या धक्क्यावर उतरवले असेल, तर ते आमच्या वाचनात आलेले नाही. कोणी ते करावे.

मालेतील शेवटचे पुस्तक, ‘द मॅन फ्रॉम पोमग्रॅनेट स्ट्रीट’, टायटसच्या मृत्यूचे कोडे मांडते. तो ८१ च्या सप्टेंबरात बेचाळिसाव्या वर्षाच्या आत वारला. सुएतोनियस सांगतो की, आजारी टायटसने पालखीचा पडदा सारून आकाशाकडे पाहिले आणि एक गोष्ट सोडली तर आपल्याला पश्चात्ताप करण्याजोगे काही नाही, असे तो म्हणाला. ती एक गोष्ट कोणती, हे त्याने सांगितले नाही. ज्यूंच्या तालमुदात त्याच्या मरणाची कथा वेगळी आहे. मंदिराची विटंबना केली म्हणून देवाने एक चिलट त्याच्या नाकात पाठवले आणि ते सात वर्षे त्याचा मेंदू कुरतडीत राहिले. एकाच माणसाच्या मरणाच्या या दोन कथा. लॅटिन आणि हिब्रू दोन्ही शिकलेल्या बाईंनी आपल्या मालेचा शेवट याच मरणापाशी करावा, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटले.

पुस्तके निर्दोष नाहीत. चार मुलांच्या वाट्याला दोन वर्षांत सतरा रहस्ये येतात, हे जरा अतीच. जी मुलगी रोमन शिस्तीत वाढली ती बंदरभर मोकळी हिंडते, हेही पचायला कठीण. काही चुका मात्र लेखिकेच्या नव्हेत. दुसऱ्या पुस्तकात व्हेसुव्हियस परंपरेप्रमाणे ऑगस्टमध्ये फुटतो. पण २०१८ साली पोंपेईतील एका घराच्या भिंतीवर कोळशाने खरडलेला मजकूर आढळला. त्यावर तारीख आहे ती आजच्या हिशेबाने १७ ऑक्टोबरची. कोळशाची अक्षरे फार काळ टिकत नाहीत, म्हणून ती त्याच वर्षीची असावीत आणि स्फोट ऑक्टोबरच्या अखेरीस झाला असावा, असे पुष्कळांचे मत झाले आहे. वाद पुरता मिटलेला नाही. भिंतीवरच्या अशाच एका ओळीवरून विंटरफेल्डची कथा सुरू झाली होती, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेलच.

धर्मग्रामाच्या वाचनालयात ही पुस्तके ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना करतो. विंटरफेल्ड नऊ वर्षांपासून चालेल. लॉरेन्सबाईंच्या पुस्तकांत रक्तपात पुष्कळ आहे. पहिल्या पानांपासूनच राखणीच्या कुत्र्यांचा जीव जातो. दहा वर्षांखालील मुलांना ती एकट्याने वाचू देऊ नयेत आणि कोलोसियमचे पुस्तक तर बाराच्या आत नकोच. क्रम मात्र मोडू नये, कारण जोनाथनच्या घरची गोष्ट सलग चालते. आमच्या घरातील वाचक सध्या नवव्या पुस्तकावर आहे. तिने त्या दोन दासींसाठी स्वतःच नावे शोधून वहीत लिहून ठेवली आहेत, पण ती आम्हांला अजून दाखवलेली नाहीत.